शोनामधला ‘गुरु’ आणि संस्कृतमधला गुरु

गेल्या महिन्यात आफ्रिकेतील बांटू या भाषाकुळाविषयीच्या एका प्रश्नाला या सदरात चार ओळींचे उत्तर दिले होते. त्यानंतर मुंबई आणि परिसरातून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रलेखकांना त्याच कुळातील झिम्बाब्वेची शोना भाषा आणि आपली संस्कृत यांची तुलना हवी आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. निवडलेल्या चार पत्रांतील प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे लिहीत आहे.

प्रश्न : मी दादरच्या एका शाळेत अनेक वर्षे संस्कृत शिकवले. अलीकडे आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक यादी आली. शोना भाषेत ‘गुरु’ म्हणजे मोठा, ‘बाबा’ म्हणजे वडील आणि ‘माई’ म्हणजे आई, तेव्हा शोना ही संस्कृतची कन्या होय, असे तिच्यात म्हटले आहे. हे शब्द खरे आहेत का? खरे असल्यास निष्कर्ष मान्य करावा का? (एक वाचक, दादर)

उत्तर : तिन्ही शब्द खरे आहेत आणि त्यांचे अर्थही बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे आपल्यासारख्या संस्कृतच्या शिक्षिकेला फार लवकर पटेल, कारण त्यासाठी लागणारे हत्यार आपण आयुष्यभर फळ्यावर वापरलेले आहे. ते हत्यार म्हणजे संधी.

‘गुरु’पासूनच सुरुवात करू. शोनामध्ये ‘मोठा’ या अर्थाचे मूळ रूप ‘गुरु’ नसून ‘-कुरु’ असे आहे. हे रूप एकटे कधीच येत नाही. शोनात नामांचे अनेक वर्ग असतात (त्यांविषयी पुढच्या उत्तरात), आणि ज्या नामाचे ते विशेषण असेल त्या नामाच्या वर्गाचा पूर्वप्रत्यय, म्हणजे शब्दाच्या आधी लागणारा प्रत्यय, त्याला लागतो. ‘मुन्हु मुकुरु’ म्हणजे मोठा माणूस, ‘वान्हु वाकुरु’ म्हणजे मोठी माणसे, ‘मुती मुकुरु’ म्हणजे मोठे झाड आणि ‘मिती मिकुरु’ म्हणजे मोठी झाडे. आता दगडाचे उदाहरण पाहा. ‘दोम्बो’ म्हणजे दगड आणि ‘मातोम्बो’ म्हणजे दगडांचे अनेकवचन. एक मोठा दगड ‘दोम्बो गुरु’ होतो, पण अनेक मोठे दगड ‘मातोम्बो माकुरु’ होतात. म्हणजे नाम आणि विशेषण दोन्ही एकवचनात मृदू व्यंजनाने सुरू होतात आणि अनेकवचनात ते मूळचे कठोर व्यंजन परत येते. ‘बांगा’ म्हणजे सुरी आणि ‘मापांगा’ म्हणजे सुऱ्या, ‘गुदो’ म्हणजे बबून जातीचे माकड आणि ‘माकुदो’ हे त्याचे अनेकवचन. क चा ग, त चा द, प चा ब. या वर्गाच्या एकवचनाला एके काळी स्वतःचा पूर्वप्रत्यय होता. तो झिजून गेला, पण जाताना आपल्यापुढच्या व्यंजनाला मृदू करून गेला. वाक् आणि ईश मिळून वागीश, जगत् आणि ईश मिळून जगदीश, अप् आणि ज मिळून अब्ज हे आपण वर्गात शिकवले असेल. शोनातले कारण निराळे आहे, पण बदलाची दिशा तीच आहे.

तेव्हा शोनातला ‘गुरु’ हा शब्द ‘-कुरु’ या रूपाचा एका विशिष्ट वर्गात दिसणारा अवतार आहे. त्याचे खरे सगेसोयरे शेजारीच सापडतात. झुलू भाषेत तो ‘-खुलु’ आहे, सोथो भाषेत ‘-होलो’ आणि स्वाहिलीत ‘-कूऊ’. शोनात जिथे ‘र’ आहे तिथे झुलूत ‘ल’ येतो, आणि हे एकदाच घडलेले नाही. झोपणे या अर्थी शोनात ‘-रारा’ तर झुलूत ‘-लाला’, नांगरणे या अर्थी शोनात ‘-रिमा’ तर झुलूत ‘-लिमा’, आणि दोन या अर्थी शोनात ‘-विरी’ तर झुलूत ‘-बिली’. असा ध्वनींचा नियमित मेळ शब्दामागून शब्दात बसत गेला की मगच भाषाशास्त्र दोन भाषांना एका घरातल्या म्हणते.

आता संस्कृत ‘गुरु’ घ्या. त्याचा मूळ अर्थ जड, वजनदार. मोठा, पूज्य, शिक्षक हे अर्थ त्यावर नंतर चढले. ग्रीकमध्ये त्याचा भाऊ ‘बारुस’ आहे आणि लॅटिनमध्ये ‘ग्राविस’, आणि दोन्हींचा अर्थ जड असाच आहे. संस्कृत ‘ग’ आणि ग्रीक ‘ब’ ही जोडी पहिल्या नजरेला विचित्र वाटते, पण संस्कृत ‘गौः’ आणि ग्रीक ‘बोउस’, संस्कृत ‘गम्’ आणि ग्रीक ‘बाइनो’ अशी तीच जोडी पुन्हा पुन्हा भेटते. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा असे मत मांडले. त्या मताला पुढे जे बळ आले ते अशाच नियमित जोड्यांमुळे आले. म्हणजे गंमत अशी की संस्कृत ‘गुरु’शी अजिबात न जुळणारा ‘बारुस’ त्याचा सख्खा आहे, आणि अक्षरशः तसाच दिसणारा शोना ‘गुरु’ त्याचा कोणीही नाही.

‘बाबा’ आणि ‘माई’ यांचा खुलासा आणखी सोपा आहे. तान्ह्या मुलाच्या ओठांतून सर्वांत आधी ब, प, म ही व्यंजने आणि ‘आ’ हा स्वर बाहेर पडतो, आणि पाळण्याशी उभे असलेले आईबाप ते बोल स्वतःचे नाव म्हणून स्वीकारतात. जगाच्या पाठीवर एकमेकींचा वाराही न लागलेल्या कित्येक भाषांत म्हणूनच हे शब्द सारखे आहेत. त्यांच्यावरून नाते ठरवू नये.

नाते तपासायचे असेल तर अंक मोजावेत. एक, द्वि, त्रि, चतुर्, पञ्च, दश यांची छाया मराठीत, फारसीत, लॅटिनमध्ये सहज दिसते. शोनात दोन म्हणजे ‘-विरी’, तीन ‘-तातु’, चार ‘-ना’, पाच ‘-शानु’, दहा ‘गुमी’. स्वाहिलीत हेच ‘-विली’, ‘-तातु’, ‘-न्ने’, ‘-तानो’, ‘कुमी’ असे आहेत. कोणती पंगत कोणत्या घरची, हे वाचणाऱ्याने स्वतःच ठरवावे.

या यादीबद्दल मला आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. झिम्बाब्वे हे नाव ‘द्झिम्बा द्झा माब्वे’, म्हणजे दगडांची घरे, या शोना शब्दांवरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ती दगडी घरे म्हणजे मास्विंगो शहराजवळचे ग्रेट झिम्बाब्वे. चुन्याविना रचलेल्या त्या प्रचंड भिंती शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकांत उभारल्या. वसाहतवादी काळातल्या गोऱ्या लेखकांना हे पचेना. फिनिशियन, अरब, शेबाची राणी, कोणाचेही नाव चालत होते, फक्त तिथल्या माणसांचे नको होते. १९०५ साली पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून हे बांधकाम आफ्रिकेच्याच माणसांचे आहे हे दाखवून दिले. ज्यांच्या भिंती दुसऱ्यांच्या नावावर लिहिल्या गेल्या, त्यांची भाषा आता आपण आपल्या नावावर लिहू पाहतो आहोत. संस्कृतवर माझे प्रेम आहे, म्हणूनच तिच्या नावाने असे काही केले जावे हे मला सहन होत नाही.

प्रश्न : संस्कृतला पाणिनीसारखा व्याकरणकार लाभला. शोना भाषेला तर विसाव्या शतकापर्यंत एकसारखे लेखनही नव्हते. मग तिचे व्याकरण संस्कृतच्या मानाने साधे असणार, असे समजावे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : व्याकरण लिहिलेले असणे आणि व्याकरण असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत जी भाषा बांधली ती त्याच्या आधीही तितकीच नियमबद्ध बोलली जात होती. शोनाच्या बाबतीत लेखनाची कहाणी उशिराची आहे हे खरे. निरनिराळ्या मिशनऱ्यांनी आपापल्या भागातील बोली आपापल्या पद्धतीने लिहायला सुरुवात केली होती. झेझुरु, कारांगा, मान्यिका, कोरेकोरे या बोलींना सामावणारे एक लेखन असावे म्हणून क्लेमंट डोक या भाषाशास्त्रज्ञाने पाहणी केली आणि १९३१ साली अहवाल दिला. त्याने सुचवलेली खास अक्षरे १९५५ साली काढून टाकण्यात आली, आणि आजची लेखनपद्धती १९६७ पासूनची आहे. शोनातली पहिली कादंबरी, सॉलोमन मुत्स्वाइरो यांची ‘फेसो’, १९५६ साली आली. हा लेखनाचा इतिहास झाला. त्यावरून भाषेची घडण साधी ठरत नाही.

संस्कृतमध्ये तीन लिंगे आहेत आणि मराठीने ती तिन्ही राखली आहेत. शोनात पुल्लिंग-स्त्रीलिंग नाहीच. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम, ‘इये’. पण त्याऐवजी नामांचे सुमारे वीस वर्ग आहेत, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने लिंग आणि वर्ग हा एकाच व्यवस्थेचा लहानमोठा विस्तार आहे. माणसांचा वर्ग ‘मु-’ आणि ‘वा-’ यांचा, झाडांचा ‘मु-’ आणि ‘मि-’ यांचा, अनेक वस्तूंचा ‘ची-’ आणि ‘झ्वि-’ यांचा, लहान आकाराच्या गोष्टींचा ‘का-’ आणि ‘तु-’ यांचा. वर्गांचे अर्थ नेहमीच तर्काला धरून नसतात, पण आपल्याकडे तरी खुर्ची स्त्रीलिंगी आणि पंखा पुल्लिंगी का, याचे उत्तर कोण देणार?

महत्त्वाचे हे की नामाचा वर्ग पुढच्या सगळ्या शब्दांना आपल्या रंगात रंगवतो. ‘वाना वाकुरु वाविरी वाकाउया’ म्हणजे मोठी दोन मुले आली. ‘झ्विगारो झ्विकुरु झ्विविरी झ्वाकादोन्हा’ म्हणजे मोठ्या दोन खुर्च्या पडल्या. ‘मिती मिकुरु मिविरी याकादोन्हा’ म्हणजे मोठी दोन झाडे पडली. ही वाक्ये मोठ्याने वाचावीत म्हणजे यमक कानाला कळते. मराठीत ‘मोठा काळा घोडा आला’, ‘मोठी काळी घोडी आली’ या वाक्यांत हीच जुळणी आपण करतो, संस्कृतमध्ये ‘सुन्दरौ बालकौ आगतौ’ यात करतो. फरक एवढाच की आपली जुळणी शब्दाच्या शेवटी होते आणि शोनाची शब्दाच्या तोंडाशी. माझ्या मते या दोन भाषांतला सर्वांत मोठा भेद हाच आहे. संस्कृत शब्दाचा अर्थ शेपटाकडून बदलते, शोना डोक्याकडून.

क्रियापदात मात्र शोना दोन्ही टोकांनी काम करते. ‘हान्दिचामुओनी’ हा एक शब्द घ्या. ‘हा’ म्हणजे नकार, ‘न्दि’ म्हणजे मी, ‘चा’ म्हणजे इथून पुढे किंवा आता, ‘मु’ म्हणजे त्याला किंवा तिला, ‘ओन्’ हा पाहण्याचा धातू, आणि शेवटची ‘ई’ पुन्हा नकाराची खूण. सगळे मिळून ‘तो आता मला दिसत नाही’. संस्कृतमध्ये असे लांबलचक शब्द सापडतात, पण ते बहुधा समासातले, म्हणजे नामांचे असतात. शोनाची लांबी क्रियापदात आहे.

धातूच्या मागे लागणाऱ्या प्रत्ययांत मात्र या दोन भाषा इतक्या जवळ येतात की संस्कृतच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. ‘कुद्झिद्झा’ म्हणजे शिकणे आणि ‘कुद्झिद्झिसा’ म्हणजे शिकवणे. संस्कृतमध्ये ‘पठति’ आणि ‘पाठयति’, मराठीत ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’. शिकणारा तो ‘मुद्झिद्झी’, शिकवणारा तो ‘मुद्झिद्झिसी’. ‘कुबिका’ म्हणजे रांधणे, ‘कुबिकिरा’ म्हणजे कोणासाठी तरी रांधणे, ‘कुबिक्वा’ म्हणजे रांधले जाणे. ‘कुओना’ म्हणजे पाहणे आणि ‘कुओनाना’ म्हणजे एकमेकांना पाहणे, भेटणे. ‘साठी’ आणि ‘एकमेकांना’ हे अर्थ संस्कृतला विभक्तीने किंवा वेगळ्या शब्दाने दाखवावे लागतात, तर शोना ते धातूतच मुरवते. उलट ‘पिपठिषति’, म्हणजे वाचण्याची इच्छा करतो, असे संस्कृतचे इच्छादर्शक रूप शोनात नाही. तिथे इच्छेसाठी वेगळे क्रियापद वापरावे लागते.

घराच्या तीन रूपांकडेही लक्ष द्यावे. ‘इम्बा’ म्हणजे घर. ‘पाम्बा’ म्हणजे घरी, ‘कुम्बा’ म्हणजे घराकडे, ‘मुम्बा’ म्हणजे घरात. संस्कृतमध्ये ‘गृहे’ या एका सप्तमीत घरी आणि घरात दोन्ही बसतात. मराठीने मात्र तिन्ही अर्थ वेगवेगळे ठेवले आहेत, आणि इथे मराठी आपल्या पूर्वजेपेक्षा या परक्या भाषेच्या जवळ बसते. शोनाची पुढची पायरी आपल्याकडे नाही. तिथे ही स्थळवाचक रूपे वाक्याची कर्ताही होतात आणि क्रियापदाला आपल्या रंगात रंगवतात. ‘मुम्बा मुने वान्हु’, म्हणजे घरात माणसे आहेत, या वाक्यातला दुसरा ‘मु’ माणसांचा नसून ‘घरात’चा आहे.

संधीविषयी आणखी एक नोंद करतो, कारण ती पाहून मी स्वतः थक्क झालो होतो. शोनाच्या झुलू या बहिणीत ‘ना’ म्हणजे सह आणि ‘उमुन्तु’ म्हणजे माणूस हे एकत्र आले की ‘नोमुन्तु’ होते, आणि ‘ना’ व ‘इन्जा’ म्हणजे कुत्रा हे एकत्र आले की ‘नेन्जा’ होते. अ आणि उ मिळून ओ, अ आणि इ मिळून ए. सूर्योदय आणि नेति यांतला गुणसंधी तो हाच. कोणी कोणाकडून घेतलेला नाही. दोन्हीकडे माणसाचे तोंड तेच आहे, जीभ ‘आ’कडून ‘ऊ’कडे जाताना मध्ये ‘ओ’च्या ठिकाणी विसावते, आणि पाणिनीचे सूत्र त्या विसाव्याचे अचूक वर्णन करते.

आणि अनुकरणवाचक शब्द! हा विषय मला फार प्रिय आहे. शोनात असे शब्द विपुल आहेत आणि ते बहुधा ‘कुति’, म्हणजे म्हणणे, या क्रियापदाबरोबर येतात. चिडीचूप शांतता असेल तर ‘कुति झी’, लालभडक असेल तर ‘कुत्स्वुका कुति पिरिविरी’. शब्दशः पाहिले तर ‘पिरिविरी म्हणत लाल होणे’. संस्कृतमध्ये ‘पटपटाकरोति’ आहे, पण त्याहून मार्मिक उदाहरण ‘झटिति’चे. ते ‘झट्’ आणि ‘इति’ मिळून झाले आहे, म्हणजे ‘झट् असे म्हणत’. शिवाय ‘कुति’ हेच क्रियापद शोनात ‘की’ या अर्थी जोडशब्दही होते, जसे ‘न्दिनोझिवा कुति’ म्हणजे मला माहीत आहे की. मराठीत ‘म्हणणे’ या धातूपासून ‘म्हणून’ आणि ‘म्हणजे’ झाले आणि ते वाक्ये जोडायच्या कामाला लागले, तोच हा प्रवास. ‘कुति’ आणि ‘इति’ यांचे उच्चार कानाला जवळचे वाटले तरी त्यावरून कोणी नवी यादी सुरू करू नये. ‘कुति’मधला ‘कु-’ हा आपल्या ‘-णे’सारखा आहे, आणि धातू फक्त ‘-ति’ एवढाच.

प्रश्न : शोना भाषेत एकही शब्द संस्कृतमधून गेलेला नाही का? (एक वाचक, वसई)

उत्तर : आहेत, पण ते वारशाने नव्हे तर व्यापाराने आणि उसनवारीने गेले. शोनात साखरेला ‘शुगा’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून घेतलेला, इंग्रजीत तो फ्रेंचमधून, तिकडे अरबीतून, अरबीत फारसीतून, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी आपली ‘शर्करा’ आहे. म्हणजे हरारेतला ‘शुगा’ आणि गिरगावातली ‘साखर’ एकाच मुळाच्या दोन वाटा आहेत. संत्र्याचा ‘रान्जिसी’ही असाच युरोपीय भाषांच्या वाटेने गेलेला ‘नारङ्ग’ आहे. भांगेच्या जातीतील वनस्पतीला शोनात ‘म्बान्जे’ म्हणतात, आणि संस्कृत ‘भङ्गा’, मराठी ‘भांग’, स्वाहिली ‘बांगी’ या साखळीतच तो शब्द धरला जातो.

प्रत्यक्ष व्यवहार तर शतकानुशतके होता. झिम्बाब्वेच्या पठारावरचे सोने आज मोझांबिकमध्ये असलेल्या सोफाला बंदरावर येई आणि त्याच्या बदल्यात खंबायतचे कापड व काचेचे मणी आत जात. ग्रेट झिम्बाब्वेच्या अवशेषांत भारतीय मणी सापडले आहेत. उलट्या दिशेनेही शब्द आला. गुजरातेतील सिद्दी समाजाच्या नृत्याला ‘गोमा’ म्हणतात, तो बांटू भाषांतला ‘न्गोमा’, म्हणजे ढोल. शोनातही ढोलाला ‘न्गोमा’च म्हणतात.

प्रश्न : माझ्या मुलीच्या कार्यालयात झिम्बाब्वेची एक सहकारी आली आहे आणि ती घरी शोना बोलते. तिला आम्ही जेवायला बोलावले आहे. शोनाचे उच्चार आपल्याला जमतील का, आणि तिच्याशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलायचे तर काय बोलावे? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : उच्चारांच्या बाबतीत मराठी माणूस बऱ्यापैकी तयार आहे. शोनाचे स्वर पाचच आहेत, आ, ए, इ, ओ, उ, आणि प्रत्येक शब्द स्वरानेच संपतो. संस्कृतमधील ‘कार्त्स्न्य’सारखे जोडाक्षर तिथे कोणाच्याही जिभेवर येणार नाही. इंग्रजीतील बुक शोनात ‘भुकु’ होते, बस ‘भाझी’ होते. ‘मुन्हु’मधला ‘न्ह’ आणि ‘म्हुरी’, म्हणजे कुटुंब, यातला ‘म्ह’ आपल्याला मुळीच कठीण नाहीत, कारण न्हाणीघर आणि म्हैस हे शब्द आपण रोज बोलतो. शब्दाच्या आरंभी असे ध्वनी संस्कृतलाही परके होते.

दोन गोष्टी मात्र शिकाव्या लागतील. शोनाचा साधा ‘ब’ आणि ‘द’ उच्चारताना श्वास किंचित आत ओढला जातो. उल्हासनगरच्या सिंधी माणसाच्या बोलण्यात असे ध्वनी आपण ऐकले असतील. दुसरे म्हणजे ज्यांना मी वर ‘स्व’, ‘झ्व’, ‘त्स्व’ असे लिहिले ते खरे तर जोडध्वनी नाहीत. ओठ गोल करून शीळ घातल्यासारखा तो एकच ध्वनी काढायचा असतो. झिम्बाब्वेचे २००९ ते २०१३ या काळातील पंतप्रधान मॉर्गन त्स्वांगिराई यांच्या आडनावाची सुरुवात या शिळेने होते. याखेरीज शोनात उच्च आणि नीच असे दोन सूर आहेत आणि सुरावरून अर्थ बदलतो, पण ते लिहून दाखवत नाहीत. वेदपठणातील उदात्त आणि अनुदात्त आपण ऐकले असतील तर सूर म्हणजे काय हे समजायला वेळ लागणार नाही. ते बोलायला मात्र कान तयार व्हावा लागतो.

आता काय बोलावे ते सांगतो. आधी आदर. शोनात मोठ्या माणसाविषयी बोलताना अनेकवचन वापरतात. ‘म्वाना आउया’ म्हणजे मूल आले, पण ‘बाबा वाउया’ म्हणजे बाबा आले, आणि तो ‘वा’ माणसांच्या अनेकवचनाचा आहे. समोरच्याला एकेरीत ‘इवे’, आदराने ‘इमी’. संस्कृतमध्ये गुरूविषयी ‘गुरवः समागताः’ असे बहुवचन वापरण्याची पद्धत होती, मराठीत आपण आजही ‘बाबा आले’च म्हणतो. कालिन्याच्या विद्यापीठ परिसरात भेटलेल्या झिम्बाब्वेच्या एका विद्यार्थ्याला मी ही जुळणी सांगितली तेव्हा त्याने लगेच विचारले, “मग तुमच्याकडे धाकट्या भावाला अनेकवचन लावले तर तो घाबरतो का?” त्याच्या घरी तसे झाले की काहीतरी बिनसले आहे असे समजायचे असते. आमच्याकडेही तसेच, असे मी त्याला सांगितले. नात्यांतही असेच जवळचे पाहुणे भेटतात. वडिलांचा थोरला भाऊ तो ‘बाबामुकुरु’ आणि धाकटा तो ‘बाबामुनिनी’. आईची थोरली बहीण ‘माईगुरु’, आणि त्यातला ‘गुरु’ म्हणजे पहिल्या उत्तरातला ‘-कुरु’च.

जेवायला बोलावलेच आहे तर ही एक म्हण तिला ऐकवा. ‘कान्दिरो कानोएन्दा कुनोब्वा काम्वे’. ‘न्दिरो’ म्हणजे ताट आणि ‘कान्दिरो’ म्हणजे ताटली. जिकडून ताटली येते तिकडेच ताटली जाते, असा तिचा अर्थ आहे. चाळीत वाढलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही, कारण शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही हे त्याला घरातच शिकवलेले असते. शब्दाशब्दाला येणाऱ्या त्या ‘का’वर थोडा जोर द्या.

सकाळची भेट असेल तर ‘मांग्वानानी’ म्हणून ‘मारारा सेई?’ असे विचारा, म्हणजे रात्री झोप कशी लागली. लहान मुलाला हेच ‘वारारा सेई?’ असे विचारतात. मोठ्याला ‘मा’, लहानाला ‘वा’. तुमच्याकडे ती दुपारी किंवा संध्याकाळी येणार असेल तर ‘मास्वेरा सेई?’, म्हणजे दिवस कसा गेला, असे विचारावे. याला ती नुसते ‘छान’ असे उत्तर देणार नाही. सकाळी भेटली तर ‘न्दारारा काना मारारावो’ म्हणेल आणि संध्याकाळी ‘न्दास्वेरा काना मास्वेरावो’. पहिल्याचा अर्थ असा की तुम्हाला झोप लागली असेल तर मलाही लागली, आणि दुसऱ्याचा असा की तुमचा दिवस चांगला गेला असेल तर माझाही गेला. ‘काना’ म्हणजे जर, आणि शेवटचा ‘वो’ म्हणजे आपल्या ‘ही’सारखा ‘सुद्धा’. ते उत्तर ऐकल्यावर मग तुमचा दिवस कसा गेला ते तिला सांगा, कारण तिने तेच विचारलेले असते.